पाणी किती तासांत येते हे ठाऊक; निरोप किती तासांत पोहोचतो हे कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापनाची आढावा बैठक होते, आराखडा अद्ययावत केल्याचे जाहीर होते आणि एखाद्या तलावावर बोट उतरवून रंगीत तालीम घेतल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. नदीकाठच्या जिल्ह्यात आयुष्य गेल्यामुळे या बातम्या मी आस्थेने वाचतो. त्या तालमीतून जिल्ह्याला नेमके काय कळले, आराखड्यातली कोणती गोष्ट चालली नाही आणि त्यानंतर काय बदलले, हे मात्र मला कधी वाचायला मिळालेले नाही. आपत्तीचे काल्पनिक चित्र आधीच रचून नियोजन तपासण्याचे शास्त्र, ज्याला सर्वत्र सिम्युलेशन म्हटले जाते, आता पुरेसे विकसित झालेले आहे. ते आपल्या जिल्ह्यांच्या कामात यावे एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०२५ चा पावसाळा मराठवाडा लवकर विसरणार नाही. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या लेंडी नदीकाठच्या रावणगाव, हसनाळ, भासवाडी या गावांत पाणी शिरले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. सप्टेंबरमध्ये सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा आणि गोदावरी अशा जवळजवळ सगळ्याच नद्यांनी काठ सोडले. परंड्याच्या भागात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. या काळात धरणांचे दरवाजे किती फुटांनी उचलले आणि विसर्ग किती हजार क्युसेक झाला, याचे आकडे भ्रमणध्वनीवर वरचेवर फिरत होते. ते आकडे आपल्या गावासाठी काय सांगतात, हे नदीकाठच्या माणसाला समजत नव्हते. ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ या वाक्यातून कोणत्या गावाने, किती वाजेपर्यंत, कोणत्या रस्त्याने आणि कोठे जायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

गोदावरीचा पूर हा एका धरणाचा विषय नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. जायकवाडीच्या २७ दरवाजांतून सुटलेले पाणी आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, लोणीसावंगी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, डिग्रस अशा उच्च पातळी बंधाऱ्यांच्या मालिकेतून नांदेडच्या विष्णुपुरीकडे येते. वाटेत मंजरथजवळ सिंदफणा मिळते आणि तिच्यावर माजलगावचे धरण आहे. पुढे पूर्णा मिळते. तिच्यावर येलदरी व सिद्धेश्वर आहेत आणि तिला येऊन मिळणाऱ्या दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प आहे. नांदेडच्या खाली तेलंगणातल्या श्रीराम सागर जलाशयाचा फुगवटा बिलोली-धर्माबादपर्यंत जाणवतो. प्रत्येक धरणावरचा अभियंता आपल्या जलाशयाच्या दृष्टीने योग्य निर्णय घेत असतानाही तीन धरणांची पाणी एकाच वेळी एकाच गावासमोर येऊन ठेपू शकतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटले तेव्हा पैठणपासून नांदेडपर्यंतच्या काठाने याचा अनुभव घेतलेला आहे. माणसाच्या अंदाजावर किंवा जुन्या जाणत्या कर्मचाऱ्याच्या आठवणीवर हा गुंता सोडवता येण्यासारखा नाही, कारण शक्यतांची संख्याच फार मोठी आहे.

संगणकीय प्रतिमान, म्हणजे मॉडेल, येथेच उपयोगी पडते. नदीचे उभे-आडवे छेद, काठावरच्या जमिनीचे उंच-सखल नकाशे, पूल, बंधारे आणि विसर्गाचे आकडे दिले की पाणी कोणत्या ठिकाणी किती वाजता किती उंचीवर असेल, हे काढून देणारी साधने आज उपलब्ध आहेत. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने तयार केलेली हेक-रास ही प्रणाली तर मोफत मिळते आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले पदव्युत्तर विद्यार्थी तिच्यावर प्रबंध लिहितात. ते प्रबंध पुढे ग्रंथालयाच्या कपाटात राहतात आणि त्याच नदीचा पूर हाताळणाऱ्या नियंत्रण कक्षात मात्र भिंतीवर पूररेषेचा नकाशा असतो. पूररेषा आवश्यकच आहे. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व्याप्ती दाखवते आणि बांधकाम परवानग्यांसाठी ती पुरेशी असते. पण ती स्थिर रेषा आहे. आज मध्यरात्री माजलगाव आणि येलदरी या दोन्ही धरणांतून विसर्ग वाढला तर पहाटे कोणत्या गावाचा रस्ता आधी बंद होईल, हे ती सांगू शकत नाही.

तरीही माझ्या मते आपले खरे दुबळेपण पाण्याच्या गणितात नाही. पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला किती तास लागतात, हे जलसंपदा विभागाच्या अनुभवी माणसांना बऱ्यापैकी ठाऊक असते. निरोप पोहोचायला किती वेळ लागतो, हे मात्र कोणी मोजलेले नाही. धरणावरून पूर नियंत्रण कक्ष, तेथून जिल्हाधिकारी कार्यालय, मग तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील व कोतवाल आणि शेवटी घरोघरी, अशी ही साखळी आहे. तिच्यात सहा टप्पे धरू आणि प्रत्येक टप्प्यावर निरोप वेळेत पुढे जाण्याची शक्यता १०० पैकी ९० इतकी चांगली मानू. सहा टप्पे ओलांडून निरोप गावात पोहोचण्याची शक्यता तेव्हा १०० पैकी केवळ ५३ उरते. प्रत्येक माणूस आपले काम जवळजवळ चोख करत असतानाही निम्म्या गावांना निरोप वेळेत मिळत नाही, असा याचा अर्थ होतो. आता प्रत्येक टप्प्यावर एक स्वतंत्र पर्यायी माणूस नेमला, म्हणजे एकाचा फोन लागला नाही तर दुसऱ्याचा लागेल अशी सोय केली, तर तीच शक्यता १०० पैकी ९४ वर जाते. यासाठी नवी बोट लागत नाही, इमारत लागत नाही आणि निविदाही काढावी लागत नाही.

अर्थात हे गणित पर्यायी मार्ग खरोखर स्वतंत्र असेल तरच खरे ठरते. तलाठी आणि पोलीस पाटील या दोघांचेही फोन एकाच टॉवरवर चालत असतील आणि वीज गेल्यावर त्या टॉवरची बॅटरी संपत असेल, तर दोन माणसे नेमूनही मार्ग एकच राहतो. म्हणून पर्यायी मार्गात बिनतारी संच, मंदिर-मशिदीचे भोंगे आणि आपली जुनी दवंडी यांना जागा हवी. भोंग्याला वीज लागते, म्हणून त्याची बॅटरी कोण तपासतो, हेही लिहून ठेवलेले हवे. यंत्रणेचे सिम्युलेशन करणारे संशोधक नेमके हेच करतात: एक-एक दुवा मुद्दाम तोडून पाहतात आणि कोणता तुटल्यावर सगळे कोसळते ते शोधतात.

एका तालुक्याचा आराखडा मी बारकाईने वाचला आहे. त्यातली दोन पाने सांगतो. एका गावासाठी सुरक्षित निवारा म्हणून जिल्हा परिषदेची शाळा दाखवलेली आहे. शाळा उंचावर आहे, पक्की आहे, खोल्या पुरेशा आहेत. गाव आणि शाळा यांच्यामध्ये मात्र एक ओढा आहे आणि त्याच्यावर नळकांडी पूल आहे. नदीला पाणी चढले की ओढ्याचे पाणी मागे फुगते आणि हा पूल गावात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी बुडतो. म्हणजे गावकऱ्यांना निघण्याची गरज वाटण्यापूर्वीच त्यांचा निवारा त्यांच्यापासून तुटलेला असतो. दुसऱ्या पानावर साहित्याची यादी आहे: बोट, इंजिन, जीवरक्षक जॅकेट, दोर, टॉर्च. बोट चालवणारा कोण, तो कोणत्या गावी राहतो, इंजिनाला इंधन कोठून मिळणार आणि बोट नदीपर्यंत नेणारी गाडी कोणाची, यांबद्दल एक ओळही नाही. आराखडा तयार करणाऱ्यांनी हयगय केली असे मला म्हणायचे नाही, कारण त्यांनी दिलेला नमुना प्रामाणिकपणे भरला आहे. पण वेळेच्या अक्षावर तो कोणी चालवून पाहिला असता, म्हणजे रात्री एक वाजता विसर्ग वाढला, अडीच वाजता ओढा फुगला, तीन वाजता निरोप आला असे क्रमाने मांडले असते, तर या दोन्ही उणिवा अर्ध्या तासात टेबलावर दिसल्या असत्या.

माणसे कशी वागतात, हाही या संशोधनाचा मोठा भाग आहे. डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात गर्दीच्या हालचालींचे प्रतिमान मांडले आणि अरुंद दारातून सगळ्यांनी घाई केली की बाहेर पडण्याचा एकूण वेग उलट कमी होतो, हे दाखवून दिले. मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये झालेली चेंगराचेंगरी ज्यांना आठवते, त्यांना या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको. नवरात्रातल्या तुळजापूरसारख्या ठिकाणी अशा अभ्यासाची फार गरज आहे. पुराच्या बाबतीत मात्र अडचण नेमकी उलटी असते: माणसे घाई करत नाहीत, ती थांबतात. इशारा मिळाल्याबरोबर क्वचितच कोणी निघतो. आधी शेजाऱ्याला विचारतो, वरच्या गावच्या पाहुण्याला फोन लावतो, स्वतः नदीवर जाऊन पाणी पाहून येतो. यात मूर्खपणा नाही, जगभर माणसे अशीच वागतात, म्हणून हा वेळ नियोजनात आधीच धरावा लागतो.

आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते आणि ती बाहेरून आणलेल्या कोणत्याही प्रतिमानात आपोआप येणार नाही. ती म्हणजे गोठा. बैलजोडी आणि दुभती म्हैस दावणीला ठेवून कुणबी घर सोडत नाही. त्याच्यासाठी ते वर्षभराचे उत्पन्न असते आणि त्यापलीकडेही बरेच काही असते. २०२५ च्या पुरात दावणीला बांधलेली जनावरे तशीच दगावल्याची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. निवाऱ्याच्या यादीत माणसांबरोबर जनावरांसाठी उंचावरची जागा, चारा आणि तेथपर्यंत जाणारी वाट दाखवली, तर माणसे दोन-तीन तास आधी निघतील. हे मी अंदाजाने म्हणतो आहे आणि म्हणूनच त्याचा अभ्यास व्हावा असे वाटते. आपल्या विद्यापीठांतल्या समाजशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी या दोन विभागांनी एकत्र बसून करावा असा हा विषय आहे.

भूकंपाबद्दल थोडेच लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. धक्क्याची तीव्रता ६.२ होती, जगाच्या हिशेबात एवढ्या तीव्रतेचे भूकंप दुर्मीळ नाहीत. माणसे गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांखाली, झोपेत. तोच धक्का दुपारी बसता तर बरीच माणसे रानात असती. घरांचा प्रकार, दिवसाची वेळ आणि रस्त्यांची स्थिती बदलून अशी चित्रे आधीच रेखाटता येतात आणि त्यांवरून रक्त, डॉक्टर, खोदकामाची यंत्रे यांची गरज मोजता येते. किल्लारीला मदत कमी पडली नाही; ती एकाच रस्त्यावर, बघ्यांच्या गर्दीबरोबर येऊन अडकली आणि जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. हा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हेही विसरू नये. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा परभणी-नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले होते. त्या दिवशी किती रुग्णालयांनी आपली तयारी तपासून पाहिली, हे विचारण्यासारखे आहे.

सरावाने फरक पडतो का, असा प्रश्न कोणी विचारील. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा जवळजवळ १० लाख माणसे आधीच हलवली गेली आणि मृतांची संख्या ५० च्या आत राहिली. मधल्या काळात हवामानाचा अंदाज सुधारला, निवारे बांधले गेले आणि त्याचबरोबर गावपातळीवर दरवर्षी सराव झाले. दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. अमेरिकेत जुलै २००४ मध्ये न्यू ऑर्लीन्स शहरावर काल्पनिक ‘पॅम’ चक्रीवादळ आदळल्याचा मोठा टेबल-टॉप सराव, म्हणजे टेबलाभोवती बसून चर्चेतून केलेला सराव, झाला. शहर पाण्याखाली जाईल, स्वतःची गाडी नसलेले हजारो लोक मागे अडकतील, हे त्या सरावात स्पष्ट दिसले. त्यानंतरच्या बैठकांसाठी पैसा वेळेवर मिळाला नाही, गाडी नसलेल्यांना हलवण्याचा प्रश्न अर्धवट राहिला आणि २९ ऑगस्ट २००५ रोजी खरे कतरिना आले. हजाराहून अधिक माणसे गेली. सराव घेणे आणि सरावात सापडलेली उणीव दूर करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे काम अधिक कष्टाचे आहे, हे या उदाहरणावरून मला विशेष जाणवते.

आपल्याकडे माहितीची वानवा आहे असेही नाही. महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनाम्याचा, नुकसानभरपाईचा सगळा हिशेब त्या आकड्याभोवती फिरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचेच आहे. परंतु हाच आकडा पीक वाहून गेल्यावर पंचनाम्याला जितका उपयोगी आहे, त्याहून कितीतरी अधिक उपयोगी तो पाऊस पडत असताना आहे. वरच्या चार मंडळांत तासाभरात किती पडले, हे प्रतिमानाला त्याच वेळी मिळाले तर खालच्या ओढ्याकाठच्या वस्तीला काही तास आधी सावध करता येईल. मुखेडसारख्या ठिकाणी, जेथे पाणी मोठ्या नदीपेक्षा लहान नद्या-ओढ्यांतून झपाट्याने येते, तेथे या काही तासांवरच सगळे अवलंबून असते.

प्रतिमानाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गाळ साचल्याने आणि वाळूच्या उपशाने नदीचे पात्र दर काही वर्षांनी बदलते. जुने छेद घेऊन काढलेले उत्तर आत्मविश्वासाने चुकीचे येऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे प्रतिमान प्रत्यक्ष पुराशी ताडून पाहणे, आणि त्यासाठी लागणारा पुरावा आपल्या गावांतल्या भिंतींवर आहे. पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते. मंदिराचा चौथरा, शाळेची खिडकी, विजेचा खांब यांवर पाणी कोठपर्यंत आले होते, ते प्रत्येक गाव बोटाने दाखवू शकते. दिवाळीची रंगरंगोटी झाली की ही रेघ पुसली जाते. २०२५ च्या ज्या पूरखुणा अजून दिसतात किंवा लोकांच्या लक्षात आहेत, त्या तातडीने मोजून, उंची व स्थान नोंदवून ठेवाव्यात. नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तेथीलच वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) या संस्थांचे विद्यार्थी व प्रशिक्षणार्थी एका उन्हाळ्यात हे काम करू शकतील. गेलेल्या पुराची अशी नोंद पुन्हा मिळणार नाही.

कायद्याचा आधारही आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ ने विनिर्दिष्ट धरणांसाठी, कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत, आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याचे बंधन घातले आहे. हे आराखडे धरणनिहाय वेगवेगळे न करता गोदावरी, पूर्णा, सिंदफणा आणि मांजरा यांच्या खोऱ्यांचे एकत्र प्रतिमान करून त्यातून काढले जावेत आणि त्यात तेलंगणाच्या यंत्रणेला सहभागी करून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. जिल्ह्याच्या सीमेवर नदी थांबत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि नांदेड या पाच जिल्ह्यांचा वर्षातून एक तरी सराव एकत्र झाला पाहिजे.

हा सराव तलावावर बोट उतरवण्याचा नसावा. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, गावांना आधी न कळवता, ‘हा सराव आहे’ अशी स्पष्ट खूण असलेला एक निरोप धरणावरून सोडावा आणि तो शेवटच्या वस्तीतल्या माणसाच्या कानावर किती वाजता पडला, एवढेच नोंदवावे. ज्याचा फोन लागला नाही त्याला नोटीस देऊ नये. नोटिशीची भीती असली की पुढच्या वर्षी सगळे निरोप कागदोपत्री वेळेत पोहोचलेले दिसतील आणि सरावाचा हेतूच नाहीसा होईल. मिळालेल्या वेळा गावनिहाय ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात, म्हणजे गावाला स्वतःहून पर्याय उभा करता येईल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. या वर्षी रंगीत तालमीची बातमी देताना आपल्या तालुका वार्ताहरांनी अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: निरोप शेवटच्या घरी पोहोचायला किती वेळ लागला, तालमीत कोणती उणीव सापडली आणि गेल्या वर्षी सापडलेल्या उणिवेचे काय झाले. उत्तरे मिळाली तर ती छापावीत. मिळाली नाहीत तर प्रश्न छापावेत.

आपला नम्र,
एक वाचक
(निवृत्त अध्यापक, स्थापत्य अभियांत्रिकी), नांदेड